तळघरात सापडलेला 'सिग/एम'चा खोका: ही पायरसी होती का?

न्यू जर्सीत घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात तुम्हाला आठ इंची फ्लॉप्यांचा खोका सापडलाय, लेबलांवर 'सिग/एम' आणि पुढे आकडा. तुमचे प्रश्न दोन: हा सगळा पायरसीचा माल आहे का, आणि खोका ठेवायचा की टाकून द्यायचा. टाकू नका, हे आधी सांगतो. पायरसीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हा गैरसमज आपल्या लोकांत सर्रास दिसतो.

तो का होतो तेही कळतं. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत कॉम्प्युटर क्लास लावलेल्यांच्या लेखी फ्लॉपी कॉपी करणं म्हणजे वर्डस्टार नाहीतर डीबेस घरी नेणं. असले प्रकार अमेरिकेतल्या हौशी क्लबांतही झाले. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात ऑल्टेअर बेसिकच्या, म्हणजे ऑल्टेअर या कॉम्प्युटरसाठी बिल गेट्सच्या मायक्रोसॉफ्टने लिहिलेल्या प्रोग्रामिंग भाषेच्या, कागदी टेपच्या प्रती वाटल्या गेल्या. एक न्यावी आणि पुढच्या सभेला दोन आणाव्यात, असा रिवाज पडला. त्यावर फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी मंडळींना उघडं पत्र लिहिलं. बेसिकवर खर्ची पडलेल्या कॉम्प्युटरच्या वेळेचीच किंमत ४०,००० डॉलरच्या वर जाते आणि हाती येणारी रॉयल्टी पाहता तासाला २ डॉलरसुद्धा पडत नाहीत, असा त्याचा हिशेब होता. त्याची तक्रार रास्त होती असंच मी मानतो.

पण तुमच्या हातातला खोका त्या परंपरेतला नाही. क्लबांची डिस्क लायब्ररी उभी राहिली ती सदस्यांनी स्वतः लिहून स्वखुशीने दिलेल्या प्रोग्रामांवर. सीपी/एम ही त्या काळच्या छोट्या कॉम्प्युटरांची ऑपरेटिंग सिस्टिम. ती वापरणाऱ्यांची पहिली मोठी लायब्ररी 'सीपी/एम यूजर्स ग्रुप'ची, न्यूयॉर्कच्या लाइफबोट असोसिएट्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या आसऱ्याने वाढलेली. 'सिग/एम' हा न्यू जर्सीच्या हौशी कॉम्प्युटर संघटनेचा, म्हणजे १९७५ साली सुरू झालेल्या एसीजीएनजेचा गट. लायब्ररीचा एकेक संच म्हणजे 'व्हॉल्यूम', आणि तुमच्या लेबलांवरचे आकडे हे त्या व्हॉल्यूमचे.

लोक आपला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, असा उघडा का देत होते? दानत होतीच, पण त्याहून मोठं कारण मशीनमध्ये होतं. सीपी/एम चालवणारे दोन कॉम्प्युटर आतून क्वचितच सारखे असत. एकाचा सीरियल पोर्ट, म्हणजे मोडेम जोडायची जागा, एका पत्त्यावर, दुसऱ्याचा भलत्याच. डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन यांचं सीपी/एम सांभाळून घेई, पण मोडेम चालवायचा तर प्रोग्रामला थेट पोर्टशीच बोलावं लागे. म्हणजे माझ्याकडे चालणारा तयार प्रोग्राम तुमच्याकडे नुसता थिजून बसणार. सोर्स सोबत असेल तर मात्र फाइलच्या सुरुवातीला पोर्टच्या पत्त्याच्या ज्या चार-सहा ओळी असतात त्या बदलायच्या, सीपी/एमसोबतच येणाऱ्या असेंबलरमधून (सोर्सचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनातून) फाइल पुन्हा काढायची, की काम झालं.

शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेनने १९७७ साली लिहिलेला 'मोडेम' हा प्रोग्राम असाच लायब्ररीत गेला. फाइल १२८ बाइटच्या तुकड्यांत पाठवायची, प्रत्येक तुकड्यामागे बेरजेचा एक बाइट, बेरीज जुळली तर पलीकडून होकार, नाही जुळली तर तोच तुकडा पुन्हा. १२८च का? कारण सीपी/एम फाइल मोजतंच १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्ये. पुढे एक्समोडेम म्हणून जगभर गेलेली पद्धत ती हीच. लोकांनी आपापल्या बोर्डांसाठी त्यात बदल केले, चुका काढल्या आणि सुधारलेली फाइल परत लायब्ररीत जमा केली. तुमच्या खोक्यात एकाच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या क्रमांकांच्या आवृत्त्या दिसतील त्या यामुळे. त्यांना डुप्लिकेट समजून वगळू नका.

दुसरं उदाहरण तर थेट 'सिग/एम'चंच. सीपी/एमचा कमांड वाचणारा भाग २ केबीच्या जागेत कोंबलेला असे. काही हौशी मंडळींनी तो झेड-८० प्रोसेसरच्या सूचना वापरून नव्याने लिहिला. झेड-८० च्या आखूड उड्यांमुळे (प्रोग्राममध्ये जवळच्याच जागी जायला सांगणाऱ्या छोट्या सूचनांमुळे) बाइट वाचले आणि वाचलेल्या जागेत नव्या सोयी बसल्या. हा झेडसीपीआर १९८२ साली 'सिग/एम'मधून बाहेर पडला. मूळ कंपनीचा माल चोरण्याऐवजी त्याच्या जागी आपला चांगला लिहून तो वाटणं, हे मला त्या गेट्सच्या पत्राला मिळालेलं सर्वात सणसणीत उत्तर वाटतं.

आता लायब्रेरियनबद्दल, कारण त्याच्या कामाची दखल फारशी कोणी घेत नाही. डिस्कची नक्कल कोणीही करेल. पण सदस्याने आणून दिलेली फाइल उघडून पाहायची, ती खरंच चालते का बघायचं, लिहिणाऱ्याची परवानगी आहे का तपासायचं, आणि अनोळखी माणसाला कळेल असं एका ओळीत वर्णन लिहायचं, हे वेळखाऊ आणि बिनपगारी काम होतं. सीपी/एममध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि वर तीन. त्यातून काय कळणार? शिवाय फाइलवर तारीखही नसे. म्हणून प्रत्येक व्हॉल्यूमवर 'कॅटलॉग' नावाची फाइल असते. तिच्या नावाआधी उणे चिन्ह आहे. हे चिन्ह कोडमध्ये अंक आणि अक्षरांच्या आधी येतं, त्यामुळे यादी क्रमाने लावली की कॅटलॉग सर्वात वर दिसतो आणि नवखा माणूस बरोबर तीच फाइल आधी उघडतो. अनेक डिस्कवर सीआरसीची यादीही सापडेल: प्रत्येक फाइलचा एक तपासणी आकडा. चार हातांतून आलेली प्रत मूळ प्रतीसारखीच आहे का, हे त्यावरून घरबसल्या पडताळता येई.

नकला काढण्याचं कामही किचकट होतं. आठ इंची एकेरी घनतेची डिस्क हे सीपी/एमवाल्यांचं सामाईक चलन. एका डिस्कवर सुमारे २४१ केबी. सव्वापाच इंचीत मात्र ज्याचा त्याचा फॉरमॅट. ओसबोर्न-१ च्या डिस्कवर जेमतेम ९२ केबी मावत, म्हणजे एका व्हॉल्यूमला तीन डिस्क. त्यात सीपी/एमची एक सवय: ड्राइव्हमधली डिस्क बदलली आणि कंट्रोल-सी दाबायचं राहिलं, तर नवी डिस्क ते 'फक्त वाचण्यापुरती' ठरवतं आणि लिहायला गेलं की 'बीडॉस एरर' देऊन थांबतं. डिस्क बदला, कंट्रोल-सी, कॉपी, पडताळणी, पुन्हा डिस्क बदला. संध्याकाळच्या संध्याकाळ यात जायची. सदस्याकडून घेतलेले पैसे या खटाटोपाचे, कोऱ्या डिस्कचे आणि टपालाचे. प्रोग्रामचे नव्हेत.

सगळंच निखळ सार्वजनिक होतं असं मी म्हणणार नाही. काही फाइलींच्या माथ्यावर लेखकाने 'व्यापारी वापर नको' असं बजावलंय, काहींवर हक्क राखून ठेवलाय. आज त्या पुढे वाटायच्या असतील तर तेवढ्या ओळी वाचा आणि पाळा.

तर खोक्याचं काय करायचं? क्रमांकाच्या व्हॉल्यूमची फार चिंता करू नका. वॉलनट क्रीकने १९९४ साली सीपी/एमची सीडी काढली, तिच्यात 'सीपी/एम यूजर्स ग्रुप' आणि 'सिग/एम' या दोन्ही लायब्रऱ्या आल्या आणि तो संग्रह आजही सहज मिळतो. मोलाच्या आहेत त्या बिनक्रमांकाच्या, हाताने लेबल लिहिलेल्या डिस्क. तिथे कुणीतरी लायब्ररीला द्यायचं राहून गेलेलं काही असू शकतं. खोक्यात क्लबाची छापील पत्रकं, याद्या, चिठ्ठ्या असतील तर त्याही जपा. त्यांची दुसरी प्रत असेलच असं नाही.

डिस्क लगेच कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. मधल्या खिडकीतून पृष्ठभाग बघा; पांढरट डाग किंवा बुरशी दिसली तर ती डिस्क बाजूला ठेवा. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सव्वापाच इंचीची सवय असलेले इथे हमखास फसतात: सव्वापाच इंचीत कडेची छोटी खाच चिकटपट्टीने झाकली की डिस्क सुरक्षित होते, म्हणजे तिच्यावर चुकून लिहिलं जात नाही, आठ इंचीत नेमकं उलट. खाच उघडी असेल तर तिच्यावर लिहिता येत नाही, झाकली तर येतं. तेव्हा वाचायला देण्याआधी खाचेवरच्या पट्ट्या काढून टाका. वाचण्यासाठी ग्रीसवीझल हे जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडणारं छोटं बोर्ड चालतं, पण आठ इंची ड्राइव्हला ५० पिनांचा अ‍ॅडॅप्टर आणि २४ व्होल्टचा पुरवठा लागतो. एवढ्यासाठी ड्राइव्ह विकत घेण्यात अर्थ नाही. न्यू जर्सीत जुन्या कॉम्प्युटरची निगा राखणारे लोक भरपूर आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे चालू ड्राइव्ह नक्की निघेल. त्याआधी सगळ्या लेबलांचे फोटो काढून इथे टाका. बिनक्रमांकाच्या डिस्कवर काय लिहिलंय ते मला बघायचंय, त्यातल्या कुठल्या आधी वाचून घ्यायच्या ते सांगतो.