नाशिकला नोकरी सांभाळून समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र दूरशिक्षणाने करता येईल का?
समाजशास्त्र आरामात होईल, गुन्हेगारीशास्त्र मात्र त्याला जोडूनच शिकावं लागेल, कारण त्याची स्वतंत्र पदवी दूरशिक्षणात सहजी मिळत नाही. अभ्यासकेंद्रावर रविवारी संमंत्रक म्हणून शिकवते, त्यावरून सांगते. बारावीनंतर गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या आपल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्र घेऊन मराठीतून बीए करा. पुढे इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एमए समाजशास्त्र आहेच. इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, पण तो कायद्याच्या अंगाने जातो. माणूस गुन्ह्याकडे का वळतो हे समाजशास्त्रातच जास्त सापडतं. २०२२ पासून यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करू देते खरी, पण नोकरी असताना दोन्हीकडचे स्वाध्याय एकाच महिन्यात आले की दमछाक होते. एक झाल्यावर दुसरा घ्या.

फी भरण्यापूर्वी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या यादीत त्या वर्षासाठी विद्यापीठच नव्हे, तुमचा अभ्यासक्रमही आहे ना, ते बघा. आणि हे सगळं फौजदार होण्यासाठी चाललं असेल, तर एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण मिळतं ते निवड झाल्यावर.