कात्रणं जपा, पण सगळी नकोत

कागदकाम करताना सुरुवातीला कागदाचा प्रत्येक तुकडा जपावासा वाटतो आणि डबा असा भरतो की हवं ते सापडतच नाही. म्हणून मर्यादा ठरवा: 3 सेंमीपेक्षा लहान तुकडा थेट भिजवून लगदा करायच्या पिशवीत. अपवाद लांब पट्ट्यांचा. 3 किंवा 5 मिमी रुंद कापल्या की त्या क्विलिंगला, म्हणजे पट्ट्या गुंडाळून नक्षी करायला, चालतात. बाकीचे रंगानुसार लावा, आकारानुसार नको, कारण शोधताना डोळा आधी रंगच पाहतो.

तुकडे जोडून नवा कागद करायचा असेल तर कडा 2-3 मिमी एकमेकींवर चढवा आणि ग्लू स्टिक वापरा. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने पातळ कागद फुगतो, वाळताना सुरकुततो. जोडलेला कागद मग रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा.

जाड कार्डशीटचा तुकडा घडीसाठी घेताना लांबीत आणि रुंदीत हलकेच वाकवून पाहा. सहज वाकतो तेव्हा वाकाची जी रेघ पडते, तीच तंतूंची दिशा. घडी तिला आडवी घातली की कड तडकते. हे बहुतेक जण विसरतात.

लगद्यातून चकचकीत, प्लॅस्टिकचा थर असलेले आणि ग्लिटरचे तुकडे आधीच काढा, त्यांचा नीट लगदा होत नाही. गडद लाल वेगळा भिजवा, नाहीतर सगळा लगदा गुलाबी.