जबड्याचं ऑपरेशन आणि मुद्दाम उतरवलेलं बीपी

प्रश्न: मुलगी 21 वर्षांची आहे, ब्रेसेस झाल्या, आता दोन्ही जबडे सरळ करायचं ऑपरेशन सांगितलंय. भुलीचे डॉक्टर म्हणाले रक्त कमी जावं म्हणून बीपी मुद्दाम खाली आणू. ऐकून माझीच झोप उडालीय, हे सेफ असतं का? रक्ताच्या बाटल्यांची सोय करून ठेवू का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, घाबरू नका, पण प्रश्न अगदी बरोबर विचारलात. जास्त रक्त जातं ते वरच्या जबड्यातून, कारण हाड मागून सुटं करतात तिथेच टाळूकडे जाणारी धमनी आणि शिरांचं जाळं असतं, आणि जागा इतकी अरुंद की तिथे चिमटा घालून रक्तवाहिनी पकडणं सोपं नाही. म्हणून रक्त आधीच कमी वाहील असं बघतात. सरासरी दाब साधारण 60–65 वर ठेवतात (मशीनवरचे वरचे-खालचे आकडे वेगळे, त्यात गोंधळू नका), तोही हाड कापायच्या वेळेपुरता, आणि बहुतेक ठिकाणी मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून दर ठोक्याला बघत. तरुण, धडधाकट पेशंटला हे सहसा झेपतं. हृदयाचा, किडनीचा त्रास किंवा जुनं हाय बीपी असेल तर एवढं उतरवत नाहीत. टाके घालायच्या आधी बीपी परत नॉर्मलला आणतात, म्हणजे कुठे रक्त लपून राहिलं असेल तर तेव्हाच दिसतं.

बाकी डोक्याकडची बाजू थोडी वर, हिरडीत अ‍ॅड्रेनालिनचं (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) इंजेक्शन, आणि सुरुवातीलाच शिरेतून ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड. हो, पाळीत जास्त जातं तेव्हा गोळी देतात तेच, त्याने झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. पण घरात कुणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, मुलीला फिट येत असतील किंवा ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर लाजू नका, आधीच सांगा.

बाटल्या तुम्ही जमवू नका. रक्तगट तपासून हॉस्पिटल सोय ठेवतं, बहुतेकदा लागत नाही. तुमच्या हातात आहे ते हिमोग्लोबिन! आपल्याकडे मुलींचं ते कमीच असतं आणि कुणी बघत नाही, आत्ताच तपासा, कमी असेल तर लोह सुरू करायला वेळ आहे. अ‍ॅस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, काढे, सगळं डॉक्टरांना दाखवा, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं का तेही सांगा.

घरी आल्यावर नाकातून थोडं लालसर पाणी काही दिवस येतं, ते चालतं. पण एकदम लालभडक धार लागली, अगदी दोन आठवड्यांनी का होईना, तर फोनवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.