अ‍ॅक्टिव्हा राहू दे, आधी घोडा पुरा कर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा त्या पोराच्या कागदाचा फोटो, दोन्ही रात्री परत परत पाहिले. पिठोऱ्याचा, राठवा आदिवासींच्या भिंतीवरच्या चित्रातला, घोडा काढायला दिलास आणि नववीतल्या महाराजांनी तो अर्ध्यावर सोडून शेजारी अ‍ॅक्टिव्हा काढली. आता तू विचारतेस, रागावू की कौतुक करू? नक्कल करायला लावून मी यांची स्वतःची रेघ मारून टाकतेय का?

दोन्ही नको. घोडा पुरा करायला लाव.

छोटा उदेपूरच्या राठवांच्या भिंतींवर हल्ली आगगाडी असते, विमानही असतं. ते परंपरेत बसतं का, असं लखाऱ्याला, ती भिंत रंगवणाऱ्याला, कोणी विचारत नाही. पण विमानावर येण्याआधी त्याने किती ओसऱ्यांवर घोडे काढलेत, ते बघ. आणि तो घोडा नवसाचा असतो. कुमारिका भिंत सारवतात, रंगात दूध आणि मोहाची दारू पडते, बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन एकेक देव ओळखून घेतो, तेव्हा ती भिंत पुरी. हे वर्गात सांगितलंस? राग मानू नकोस, पण तुमच्या प्रदर्शनाच्या यादीत 'पिठोरा टोट बॅग' वाचलं आणि पुढचा चहा तसाच गार झाला.

ती यादीच फाड. दहा आठवड्यांत दहा शैल्या! वारली, मधुबनी, पहाडी, पिछवाई... ही ताटाभोवतीची रांगोळी झाली, जेवण कुठाय? एक चित्र घे. अख्खं वर्ष जाऊ दे त्यात. एक चित्र, पण पुरं.

पुरं म्हणजे वसलीपासून, चित्राखालच्या कागदापासून. हातकागदाचे तीन-चार थर खळीने चिकटवायचे, दाबाखाली वाळवायचे, मग अकीकाच्या दगडाने घोटायचे. अकीक तर आपल्या बडोद्याशेजारच्या खंभातचा, दुकान शोधायला दिल्लीला जायला नको. घोटताना पोरं कंटाळतील, "बेन, केटलुं बाकी?" (किती राहिलं?) म्हणतील. म्हणू देत. घोटलेल्या कागदावर कुंचला अलगद सरकतो, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात येतं की कागदही चित्रातच मोडतो. मग खाका, म्हणजे कच्ची आखणी, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, सपाट रंग, कागद पालथा घालून पुन्हा घोटणं, आणि सगळ्यात शेवटी खुलाई, बारीक रेघांनी चित्र उघडणं. गेरू, काजळ, नीळ, डिंकाचं पाणी, सगळं त्यांच्या हातांनी होऊ दे. फक्त हरताळ आणि हिंगूळ देऊ नकोस. एकात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा. तिथे परंपरेचा हट्ट नको, बाटलीतला पिवळा आणि लाल चालेल.

चित्र कुठलं, म्हणशील. मी असतो तर कल्पसूत्राच्या जुन्या जैन पोथीचं चित्राचं पान घेतलं असतं. गुजरातचंच आहे, आणि त्यातला तो पलीकडचा डोळा, चेहऱ्याच्या रेघेबाहेर आलेला, त्यावर पोरं हसतातच. "त्यांना चित्र काढता येत नव्हतं का?" हा प्रश्न आला की उत्तर देऊ नकोस. तो डोळा वीसदा काढायला लाव. दहाव्या वेळेपर्यंत हसू संपतं. पुढे एखादा स्वतःच म्हणतो की हा डोळा आत घेतला तर चेहरा मरतो. मी हे वर्गात घडताना पाहिलंय.

पाहिलंय, आणि बिघडवलंही आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, त्याच डोळ्यावर तीन आठवडे अडकलेली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी. मी तिच्या हातातला कुंचला घेतला आणि दोन मिनिटांत डोळा काढून दिला. बक्षीस मिळालं. त्यानंतर ती चित्रकलेच्या तासाला आली नाही, आणि का आली नाही हे विचारायला मीही गेलो नाही. तेव्हा मी कायम नव्हतो, वर्षावर्षाची ऑर्डर असायची, शाळेला भिंतीवर फ्रेमा हव्या होत्या. घरी दोन लेकरं होती. काय करणार होतो? यातली कुठलीही सबब तूही पुढे करू शकशील, मला माहीत आहे, म्हणूनच आधी सांगून ठेवतो. तिचं चित्र अर्धं राहिलं असतं तरी ते तिचं होतं.

तुला फाइन आर्ट्‌सच्या फॅकल्टीत शिकवलं की नकलेने माणूस मरतो. आपल्या कीर्तिमंदिरात जा, भिंतीवरच्या गंगावतरणाच्या चित्रासमोर उभी राहा. ते काढणारे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस 1909-10 च्या सुमारास अजिंठ्यात बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. आपल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला ते 1939 मध्ये आले. त्या भिंतीत मरण कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखव. पुरी केलेली नक्कल रक्तात उतरते गं, अर्धवट नक्कल तेवढी नक्कल राहते. मग ती टोट बॅगवर जाते.

ट्रस्टींना काय सांगायचं ते तुझं तू बघ, मला ते कधी जमलं नाही. उत्तरायणाआधीचे पंधरा दिवस मात्र शिकवण्यात धरू नकोस. पोरं वर्गात असली तरी मन गच्चीवर पतंगात असतं. तेव्हा कागद घोटून घे.

पुढच्या आठवड्यात त्यांना रावपुऱ्यात तांबेकर वाड्यावर आण. भिंतींवरचे ते कृष्ण पुस्तकात बघू नयेत. मी येतो, जिना चढेन हळूहळू. फोन पिशवीत, पेन्सिली टोकदार, आणि प्रत्येकाने भिंतीचा वीतभरच तुकडा निवडायचा.

आणि त्या पोराला निरोप दे. अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक पुढच्याहून मोठं झालंय.

तुझा,
सर