पश्चिमेची खिडकी आणि चारनंतरचं ऊन

प्रश्न : भुसावळला पहिल्या मजल्यावर राहतो. पश्चिमेला ४ बाय ४ फुटांची काचेची खिडकी, वर २ फुटी छज्जा. आतून जाड पडदा लावूनही मे महिन्यात चारनंतर खोलीची भट्टी होते. छज्जा वाढवावा का?

उत्तर : छज्ज्यावर पैसे घालू नका. आपल्याकडे मे महिन्यात साडेबाराचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा २ फूट पुरतात. पण साडेचारला छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम सव्वा फूट उतरते, साडेपाचला ८ इंच. त्या वेळी पूर्ण खिडकी झाकायला छज्जा साडेअकरा फूट लागेल! पडद्याचं म्हणाल, तर ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच अडकते. ऊन काचेबाहेरच अडवायला हवं.

रोपवाटिकेत वापरतात ती ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी (शेडनेट) छज्ज्याच्या बाहेरच्या कडेपासून खिडकीच्या तळापर्यंत सोडा. रुंदी साडेपाच फूट घ्या : डावीकडे अर्धा फूट, आतून बाहेर बघताना उजवीकडे १ फूट जास्त. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून तिरपं ऊन उजवीकडून शिरतं. काठ दुहेरी दुमडून शिवा, फुटाफुटावर आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या) बसवा, खालच्या दुमडीत पाइप घालून दोन्ही टोकं दोरीने बांधा. जाळी अडकवायच्या हुकांची भोकं छज्ज्याच्या कडेपासून ३ इंच आत पाडा. अगदी कडेला पाडली तर काँक्रीटचा टवका उडतो. जाळी ग्रिललाच बांधायची चूक बरेच जण करतात. मग तापलेली हवा काचेलगत कोंडते. दोरीची गाठ सरकफासाची ठेवा. वळवाचं वादळ दिसलं की जाळी लगेच गुंडाळता आली पाहिजे, नाहीतर आयलेट फाटून निघतात.

प्रश्न : बिल किती कमी होईल?

उत्तर : एसी असेल तर या एका खिडकीमागे कडक उन्हात दिवसाला साधारण अर्धा युनिट. कुलरचं गणित वेगळं आहे. त्याला थर्मोस्टॅट (तापमान पाहून आपोआप बंद-चालू करणारा भाग) नसतो, त्यामुळे खोली कमी तापली तरी तो तेवढीच वीज खातो. तो उशिरा लावला किंवा कमी वेगावर ठेवला तरच बचत. कुलर याच खिडकीत असेल तर जाळी त्याच्या पॅडपासून किमान १ फूट लांब ठेवा. जाळी पॅडला चिकटली की हवा कमी ओढली जाते आणि गारवा घटतो.