सासूबाईंचं करायचे पैसे घ्यायचे?

फोन माझ्यासमोर धरून सूनबाईंनी नणंदेचा मेसेज दाखवला. "आईला सांभाळायचा पगार सुरू होणार म्हणे. अभिनंदन." खाली टाळ्यांची खूण. मेसेज येऊन अकरा दिवस झाले होते आणि उत्तर अजून गेलेलं नव्हतं.

"ते अभिनंदन वाचलं आणि फॉर्म कपाटात टाकून दिला," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं करायला मी पैसे घेतले, तर मी आणि कामाला ठेवलेली बाई यात फरक काय राहिला?"

न्यू जर्सीत मराठी घरांशी बोलायला लागल्यापासून हा प्रश्न मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय. घरच्या माणसाला सांभाळायचे सरकार पैसे देतं हे कळल्यावर आनंद नंतर होतो, आधी लाज वाटते. (ओळख पटू नये म्हणून या घरातले काही तपशील बदललेत.)

सासूबाई 81 वर्षांच्या, अमेरिकन नागरिक. दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, डोकं मात्र तल्लख. सूनबाई एका दवाखान्यात बिलिंगचं काम करायच्या. आधी अर्धवेळ झाल्या, मग कामच सोडलं. नवरा माणूस चांगला आहे, पण आईच्या आंघोळीच्या वेळेला त्याची नेमकी मीटिंग असते.

मी म्हटलं, काल दिवसभरात काय काय केलंत ते सांगा. "विशेष काही नाही, रोजचंच." मग तासातासाने विचारत गेले. पहाटे पाचला डायपर. सातला पलंगावरून खुर्चीत. त्यासाठी सासूबाईंच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवायचा म्हणजे तो मुडपत नाही, आणि तीन म्हणताच दोघींनी एकदम उठायचं. हे त्यांनी खुर्चीतून उठून मला करून दाखवलं. दाखवून झाल्यावर त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला. आम्ही दुपारच्या दोनपर्यंत पोचलो तोवर माझं पान भरलं होतं. ते पान त्यांच्याकडे सरकवून म्हटलं, "यातलं सून म्हणून केलेलं कुठलं आणि बाईने केलं असतं ते कुठलं, खुणा करा बरं." पेन धरून बराच वेळ बसल्या आणि मग हसल्या. एकही खूण झाली नाही.

भावनेचं बोलणं इथे थोडं थांबवलं, कारण अर्धी लाज अपुऱ्या माहितीतून आलेली असते. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा) ही दोन्ही 1965 सालची भावंडं, पण कामं वेगळी. आंघोळ, कपडे, भरवणं अशी रोजची, वर्षानुवर्षांची देखभाल मेडिकेअर देत नाही. ती मेडिकेडकडे येते, आणि त्यासाठी उत्पन्न आणि शिल्लक यांच्या अटी आहेत. त्या राज्यागणिक बदलतात. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. आपण ज्यांना स्पॉन्सर केलंय त्यांच्यासाठी अर्ज करण्याआधी वकिलाला विचारा, हे मी प्रत्येकाला सांगते.

एजन्सीची बाई नको असेल, तर आपली व्यक्ती आपणच निवडायची आणि तिला पैसे मेडिकेडमधून मिळायचे, असाही मार्ग आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा प्रयोग ज्या तीन राज्यांत सुरू झाला त्यांत अर्कान्सा आणि फ्लोरिडाबरोबर न्यू जर्सीही होतं. सून, मुलगी, मुलगा चालतो. नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र बऱ्याच राज्यांत अडवतात. पगारपत्रक आणि कराची कागदपत्रं एक मध्यस्थ संस्था बघते, पण कामाला ठेवणारी व्यक्ती म्हणून सही असते ती ज्याला सांभाळायचं त्याची. म्हणजे या घरात सासूबाईंची. हे ऐकून सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे आत्ताही त्याच मालकीण!"

करांचाही एक मुद्दा त्यांना ठाऊक नव्हता. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, 2014 च्या सूचनेनुसार, मेडिकेड वेव्हरखाली (नेहमीच्या नियमांतून सूट घेऊन राज्यं चालवतात त्या घरच्या देखभालीच्या कार्यक्रमांत) एकाच घरात राहून सांभाळणाऱ्याला मिळणारे असे पैसे करपात्र उत्पन्नातून वगळता येतात. आपला कार्यक्रम त्यात बसतो का ते सीएला विचारायचं. आणि एक कडू गोष्ट मी लपवत नाही: वयाच्या 55 वर्षांनंतर मेडिकेडने देखभालीवर केलेला खर्च त्या व्यक्तीच्या पश्चात तिच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. घर आईवडिलांच्या नावावर असेल तर हे आधी माहीत हवं. घर घाईघाईने मुलाच्या नावावर करणं हाही उपाय नाही, दीर्घ देखभालीच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतले व्यवहार तपासतात. या घरात सासूबाईंच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

अडलं ते दुसरीकडेच. फॉर्म कपाटातून बाहेर आला, मंजुरीआधीची तपासणी ठरली, नर्स घरी आली. सासूबाईंनी त्या दिवशी चांगली साडी नेसवून घेतली. नर्सने विचारलं, आंघोळ स्वतः करता का? सासूबाई म्हणाल्या, "हो, करते की." जेवण? "माझं मी." मुलगा भाषांतर करत होता. आई असं म्हणत असताना तिला खोटं कसं पाडायचं, म्हणून त्यानेही मान डोलावली. पैसे मिळतील असे मंजूर झाले ते आठवड्याचे जेमतेम काही तास.

हे इतक्या घरांत घडतं की मी आता आधीच बजावून ठेवते. पाहुण्यांसमोर आपण सगळं निभावतो हे दाखवायची सवय आयुष्यभराची, आणि नर्स म्हणजे पाहुणीच. म्हणून तपासणीच्या आधी आठवडाभर वही ठेवा: किती वेळा उठवलं, रात्री किती वेळा जागलात, कधी पडता पडता वाचल्या. चांगल्या दिवसाचं नको, रोजचं सांगा. घरच्या माणसाला भाषांतर करायला बसवू नका. दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. निर्णय पटला नाही तर सुनावणी मागता येते. मुदत पत्रावर लिहिलेली असते, पत्र उघडून बघा.

या घराने वही ठेवली आणि सुनावणी मागितली. तेव्हाच कागदांवर सासूबाईंच्या वतीने बघणारं कुणी हवं असं ठरलं. सूनबाईंना वाटलं, तेही आपणच करू. पण नियम असा की जो प्रतिनिधी असतो त्याला पैसे घेऊन सेवा करता येत नाही, निर्णय घेणारा आणि पैसे घेणारा वेगळा लागतो. नवरा म्हणाला, मी होतो. मी सुचवलं, नणंदेला विचारा. खोलीत शांतता पसरली. सूनबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की वाटलं पुढच्या वेळी येणार नाहीत.

पण विचारलं त्यांनी. मेसेज करून नाही, फोनवर. "वन्सं, आईंच्या वतीने सह्या कराल का? माझे तास बरोबर आहेत का ते तुम्हीच बघायचं." पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग, "मला काय कळतंय त्यातलं," आणि मग, "पाठव, बघते."

वही नणंदेकडे गेली. चौथ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "वहिनी, पहाटे पाच आणि परत पावणेसहा? रोज?" त्यावर काय बोलणं झालं ते सूनबाईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नणंद आता महिन्यातला एक शनिवार-रविवार गाडी चालवत येते. पट्टा बांधायला तिला अजून जमत नाही.

तास वाढले. मागितले होते त्याहून कमीच, पण वाढले. पैसे दवाखान्यातल्या पगाराएवढे नाहीत. पहिल्या रकमेतून सूनबाईंनी स्वतःच्या कमरेसाठी फिजिओथेरपी सुरू केली, आणि ते सांगताना परत एकदा ओशाळल्या. ती लाज पूर्ण गेलेली नाही. बदल मला दिसला तो सासूबाईंमध्ये. पूर्वी पाणी हवं असलं तरी त्या सून खोलीत येण्याची वाट बघत बसायच्या. आता हाक मारतात. "तास चालू आहेत ना तुझे?" असं वर विचारतात आणि स्वतःच हसतात.

पुढच्या महिन्यात नर्स पुन्हा येणार आहे. दुभाषा मिळणार असला तरी सासूबाईंनी "आय कॅनॉट बेद अलोन" एवढं वाक्य पाठ करून ठेवलंय. म्हणताना "अलोन"वर आवाज अजून खाली जातो, म्हणून नात रोज संध्याकाळी त्यांच्याकडून म्हणून घेते.