‘मी कुणाचं वाईट केलं नाही, मग मी पापी कसा?’

प्रश्न: पापामुळे माणसाचा स्वभावच भ्रष्ट झाला आहे, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. पण ज्याने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही असा साधा माणूस, किंवा काल जन्मलेलं बाळ, यांना पापी म्हणणं हा अन्याय नाही का? आणि देवाने चांगला घडवलेला स्वभाव बिघडतोच कसा?

उत्तर:

‘आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही’ हे वाक्य पन्नाशीपर्यंत माझ्या तोंडी होतं, म्हणून लिहायला बसलो. बाळाचं शेवटी बघू.

मी इंदूरचा. आजोबा अहमदनगरहून इथल्या मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि आम्ही इथलेच झालो. घराणं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या कॅल्विनच्या परंपरेतलं. उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत. ‘भ्रष्ट’ हा शब्द मी प्रवचनात ऐकला, पण आईचा शब्द ‘नासलेलं’ होता आणि तो जास्त बरोबर आहे असं मला वाटतं. दूध नासतं तेव्हा त्याचं पाणी होत नाही. ते दूधच असतं, फक्त आता त्याचा चहा होत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ यातच आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप आणि ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानी पंथात होता. वाईट हे चांगल्याइतकंच खरं, स्वतंत्र तत्त्व आहे, अशी त्या पंथाची शिकवण. ती सोडल्यावर तो म्हणू लागला की वाईट ही वस्तूच नाही, चांगल्यातली उणीव आहे. म्हणजे नासायला आधी काहीतरी चांगलं असावं लागतं. दगड नासत नाही. देवाने माणसाला इच्छा दिली, ती इच्छा देवाकडून स्वतःकडे वळली आणि वळलेलीच राहिली. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर याने पापी माणसाचं वर्णन ‘स्वतःतच वळलेला’ असं केलं. मला पायाच्या अंगठ्याचं आत वाढलेलं नख आठवतं. नख चांगलंच असतं, वाढणं हा त्याचा धर्मच, पण ते वाढतं ते मांसात घुसतं.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो. आमच्या कॅल्विनपंथीयांत ‘संपूर्ण भ्रष्टता’ असा शब्द आहे, १६१८–१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टला भरलेल्या धर्मसभेपासून तो फारच ठसला. त्याचा अर्थ प्रत्येक माणूस होता होईल तितका वाईट आहे, असा नाही. बुद्धी, इच्छा, भावना यांतला एकही कोपरा पापाच्या स्पर्शातून सुटलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. देवाची प्रतिमा पुसली गेलेली नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, म्हणजे पतनानंतर (आदामाने देवाची आज्ञा मोडल्यानंतर) कितीतरी पुढे, खुनाची मनाई सांगताना कारण तेच दिलंय: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे.

आता माझं.

२००९ च्या जुलैत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. त्यानंतर चार वर्षं आठ महिने ती अंथरुणात होती. दिवसा एक बाई यायची, रात्र माझी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, चमच्याने पेज, दवा बाजारातून औषधं, सकाळी पुन्हा कामावर. तिच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. मंडळीत लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. एका मातृदिनाला पाळकसाहेबांनी वेदीवरून माझं नाव घेतलं.

मी एक वही ठेवली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सुरुवात सरळ होती, औषधांची बिलं हरवू नयेत म्हणून. मग बाईचा पगार, फिजिओथेरपी, रिक्षा, माझ्या स्कूटरचं पेट्रोल. मग मोसंबी, नारळपाणी. दुसऱ्या वर्षी मी जागरणंही टिपायला लागलो. त्यांना रुपये लावले नाहीत, पण ज्या रात्री तीनदा उठलो त्या तारखेपुढे एक टिंब. हे सगळं मी आईच्या खाटेसमोरच्या टेबलावर बसून लिहायचो, रोज रात्री, दिवा मंद करण्याआधी.

धाकटा भाऊ पुण्यात. महिन्याला तीन हजार पाठवायचा, शेवटपर्यंत न चुकता. वर्षातून दोनदा यायचा, आईजवळ बसून जुनी गीतं म्हणायचा आणि ती अर्ध्या तोंडाने हसायची. माझ्यासाठी ती तशी हसली नाही. तो आला की त्या चार दिवसांत मी टिंबं जास्त काळजीने द्यायचो.

२०१४ च्या मार्चमध्ये आई गेली. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वही धाकट्यापुढे ठेवली. एकूण ४,३७,२०० रुपये. त्याचा निम्मा वाटा २,१८,६००, त्यातून त्याने पाठवलेले १,६८,००० वजा, बाकी ५०,६००. त्याने शेवटपर्यंत पानं उलटली. टिंबं कसली, ते विचारलं. मी सांगितलं. तो काही बोलला नाही, तिथेच चेक लिहून दिला.

आठवड्याने बाई उरलेला पगार न्यायला आली. वही टेबलावरच होती. ती म्हणाली, “भैया, ये कॉपी अम्मा को दिखती थी ना। आख़िरी साल मैं मोसंबी का पूछती थी तो मना कर देती थीं। कहती थीं, लिखेगा।”

माझ्या आईला मोसंबी फार आवडायची.

आता सांगा, मी कुणाचं काय वाईट केलं होतं? एकेक गोष्ट सुटी घेऊन बघा. सेवा केली, बरोबर. हिशोब लिहिला, बरोबर. भावाकडून वाटा घेतला, तोही बरोबर. पाचवी आज्ञा, आपल्या बापाचा आणि आईचा मान राख, मी रात्र रात्र जागून पाळली. आणि ती पाळतानाच तिची उधारी केली. आईला स्वतःच्या मुलाच्या घरात फळ मागायची चोरी झाली. पापाने स्वभाव नासतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस वाईटच करतो, असं ते नाही. त्याने केलेलं चांगलंही आत वळतं आणि कुणाच्या तरी मांसात घुसतं.

म्हणून दारू, तंबाखू, सिनेमा यांची यादी वाचून पापावरचं प्रवचन संपवणाऱ्यांवर माझा राग आहे. त्या यादीतलं मी आयुष्यात काहीच केलं नाही आणि त्या यादीनेच मला पन्नास वर्षं झोपवून ठेवलं. ऑगस्टीनने सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर नासपत्या चोरल्या, भूक नसताना, आणि बहुतेक डुकरांपुढे टाकल्या. एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो म्हणून लोक हसतात. मी हसत नाही. मोठ्या गुन्ह्याला काहीतरी कारण सापडतं; छोट्याला सापडत नाही, आणि मग आतलं दिसतं.

बाईने सांगितल्यावर माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य काय होतं, तेही लिहितो: धाकटा नीट पैसे देत असता तर मला वही ठेवावीच लागली नसती. (तो देत होता.) उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढा. फळ खाल्ल्यावर देवाची चाहूल लागताच आदामाने काय केलं? झाडांत लपला. सापडल्यावर म्हणाला, तू मला सोबत दिलेल्या स्त्रीने फळ दिलं. एकाच वाक्यात बायकोवर आणि देवावर, दोघांवर ढकललं. पतनानंतर माणसाच्या तोंडून निघालेलं पहिलं बोलणं हे लपण्याचं आणि दोष ढकलण्याचं आहे. पुढच्याच अध्यायात भाऊ भावाला मारतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या गोष्टीत धाकटा मुलगा आपला वाटा उधळून परत येतो आणि बाप मेजवानी देतो; तिथला थोरला मुलगाही तसाच. उधळ्या धाकट्यावर सगळे प्रवचन करतात. थोरला बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी चाकरी करतोय आणि मला कधी करडूही दिलं नाही. त्याच्याही मनात वही होती, नाहीतर न मिळालेलं करडू इतकी वर्षं कोण लक्षात ठेवतं?

धाकट्याचं म्हणणं वेगळं आहे आणि आमचा वाद तिथेच अडलाय. तो चर्चला जात नाही. तो म्हणतो, “दादा, तू थकला होतास. थकलेला माणूस हिशोब करतो. परिस्थिती असते, संस्कार असतात, त्याला पाप-बिप कशाला म्हणतोस?” त्याला वाटतं, त्याने मला मोकळं केलं. हे म्हणणं जुनं आहे. ऑगस्टीनच्याच काळात रोममध्ये पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा तपस्वी होता. आदामाच्या पापाने आदामाचंच नुकसान झालं, बाकीच्यांना फक्त वाईट उदाहरण मिळालं. माणसाने मनावर घेतलं तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो, अशी ती शिकवण. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने ती नाकारली. पेलागियस वाईट माणूस नव्हता, उलट फार कडक शिस्तीचा होता. पण माझा त्याला आणि धाकट्यालाही एकच प्रश्न आहे: मला वही ठेवायला कुणाच्या उदाहरणाने शिकवलं? बाबा नातेवाइकांना पैसे देऊन विसरून जायचे, त्यावरून आई चिडायची. आमच्या घरात असली वही पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. आणि थकव्याने बिलं लिहिली हे मान्य, पण टिंबं द्यायला उलट जास्त जागावं लागलं. ‘तू थकला होतास’ हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याने माझ्या हाती काहीच लागत नाही. थकव्याची क्षमा मागता येत नाही. पापाची मागता येते.

बाळाबद्दल. इथे ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही आणि मी पंडित नाही. पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ मध्ये ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन भाषांतरातून ‘त्या एकामध्ये सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ निघत होता. मूळ ग्रीकमध्ये ‘कारण सर्वांनी पाप केलं’ हा अर्थ जास्त सरळ बसतो. ऑगस्टीनने दोषही वारशाने येतो असं मानलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात, वारशाने मरण आणि दुबळेपणा येतो, आदामाचा दोष नाही. कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या सभेत ठरवलं की बाप्तिस्म्याने मूळ पाप जातं, वासना (पापाकडे ओढणारा कल) उरते, पण ती वासना म्हणजे खऱ्या अर्थाने पाप नव्हे. ल्यूथरच्या मते तीही पापच. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे, असं व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगाने २००७ मध्ये लिहिलं. माझं मत विचाराल तर, बाळ अपराधी नाही, पण ते ज्या घरात जन्मतं तिथलं विरजण त्याला लागणारच. आणि मूल गेलेल्या आईबापांपुढे जो कुणी हा सिद्धांत काढतो त्याने आधी तोंड बंद ठेवायला शिकावं. हे शास्त्र प्रथमपुरुषी एकवचनात वाचायचं असतं. पौलही त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात ‘मी’ म्हणूनच बोलतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, जे नको तेच करतो.

हो, आणि हिशोब ठेवणं हे पाप आहे असं कुणी यातून घेऊ नका. घरात आजारी माणूस असेल तर बिलं ठेवा, बाईचा पगार वेळेवर द्या, भावंडांशी आधीच स्पष्ट बोला. फक्त आजाऱ्याच्या समोर बसून लिहू नका.

आणि जे लांब राहतात त्यांना: पैसे वेळेवर पाठवले म्हणजे झालं, असं समजू नका. या. रात्री या, दिवसा गीतं म्हणायला नको. एका रात्री दोनदा उठून कूस बदलून बघा. धाकट्याने चार वर्षं आठ महिन्यांत एक रात्र तरी ‘दादा, तू झोप’ म्हणायला हवं होतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, वही पुढे केली. अजूनही हे लिहिताना माझा हात जड होतो, म्हणजे नख अजून तसंच वाढतंय. क्षमा मिळाली याबद्दल मला शंका नाही. पण क्षमा मिळाल्यावर स्वभाव एका रात्रीत सरळ होतो असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

२०२० मध्ये घरात अडकलो होतो तेव्हा वही पुन्हा काढली आणि सगळी बेरीज तपासली. तिसऱ्या वर्षी एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना ३,२०० चे ४,६०० झाले होते. १,४०० जास्त, म्हणजे धाकट्याकडून ७०० जास्त घेतले गेले. मुद्दाम केलं नव्हतं. पण त्या रात्री वही त्याच्यापुढे ठेवण्याआधी मी ती दोनदा तपासली होती, आणि दोन्ही वेळा ही चूक मला दिसली नव्हती.

७०० रुपये मी त्याच्या खात्यात टाकले. त्याने फोन करून विचारलं, दादा, हे कसले? मी म्हटलं, असू दे, जुने होते. अजून सांगितलेलं नाही. तो इथली उत्तरं वाचतो.